मागच्या चाकांना डिस्क : मसल कारच्या ब्रेकबदलाचा आढावा

मधल्या आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-8 इंजिन बसवायचे आणि ती तरुणांच्या खिशाला परवडेल अशा किमतीत विकायची, ही अमेरिकी मसल कारची मूळ कल्पना. 1964 साली पॉन्टिॲकने टेम्पेस्टमध्ये 389 घनइंचांचे इंजिन घालून जीटीओ बाजारात आणली, तिथून या गाड्यांचे युग सुरू झाले असे सर्वसाधारणपणे मानतात. पुढच्या पाच-सहा वर्षांत मस्टँग, कॅमारो, शेव्हेल, चार्जर, रोड रनर अशी नावे गाजली. इंजिनाची ताकद दरवर्षी वाढत गेली, ब्रेक मात्र त्या वेगाने सुधारले नाहीत. पहिल्या पिढीच्या कॅमारोला मागे साडेनऊ इंच व्यासाचे आणि दोन इंच रुंदीचे ड्रम होते. नेहमीच्या शहरी वाहतुकीत ते पुरत. पण भरधाव गाडी लागोपाठ तीन-चारदा थांबवायची वेळ आली की त्यांची मर्यादा उघडी पडे. आज या गाड्या पन्नाशी-साठीच्या झाल्या आहेत आणि हौसेने सांभाळल्या जातात. त्यांच्या मालकांत आणि मेकॅनिकांत एक वाद मात्र कायम आहे : पुढच्या चाकांना डिस्क बसवल्यावर मागचे ड्रमही काढून तिथे डिस्क बसवावी का? या वादात दोन्ही बाजूंकडे वजनदार मुद्दे आहेत. बराचसा गोंधळ होतो तो ‘डिस्क चांगली की ड्रम’ एवढाच प्रश्न विचारल्यामुळे. मागच्या चाकांपुरता खरा प्रश्न तोलाचा, उष्णतेचा आणि हँडब्रेकचा आहे.

ड्रमचे गुण, ड्रमचे दोष

त्या काळच्या अमेरिकी गाड्यांतले ड्रम ब्रेक ‘ड्युओ-सर्व्हो’ पद्धतीचे होते. पेडल दाबले की व्हील सिलिंडर दोन्ही शू ड्रमला टेकवतो. फिरणारा ड्रम पहिल्या शूला आपल्याबरोबर ओढतो, तो शू खालच्या ॲडजस्टरमार्फत दुसऱ्याला ढकलतो आणि दुसरा ड्रमवर आणखी जोराने दाबला जातो. म्हणजे पायाने दिलेला जोर चाकाच्या फिरण्यातूनच कैक पटींनी वाढतो. दीड टनाची गाडी पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरशिवायही थांबवता येई ती यामुळे. पण या गुणातच दोष दडलेला आहे. जी रचना घर्षण गुणून वाढवते, ती घर्षणातला फरकही गुणून वाढवते. शूवरचा लायनर तापून त्याची पकड थोडी कमी झाली, तरी ब्रेकचा जोर त्याहून पुष्कळ जास्त घटतो. डावा लायनर कोरडा आणि उजवा ओला असेल, तर गाडी एका बाजूला ओढते. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल खाली जाते. डिस्कमध्ये हे सारे उलटे आहे. तापलेली डिस्क जाड होते ती पॅडच्या दिशेने, उघडी असल्याने वाऱ्याने थंड होते, पाणी झटकून टाकते, आणि पॅडचे घर्षण जितके कमी होईल तितकाच ब्रेकचा जोर कमी होतो. मात्र तिला स्वतःचा जोर वाढवता येत नाही. म्हणून तिला पाइपमधला दाब जास्त लागतो, आणि बहुधा बूस्टरही.

युरोपात हा फरक लवकर ओळखला गेला. 1953 साली ल मांची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार सी-टाइपला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. 1955 च्या सिट्रोएन डीएसला पुढे डिस्क मिळाली. अमेरिकी कारखान्यांनी सावकाश पावले टाकली. 1965 मध्ये कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क आली. त्याच वर्षी मस्टँगला केल्सी-हेजच्या चार पिस्टनांच्या कॅलिपरची डिस्क पुढच्या चाकांसाठी पर्याय म्हणून मिळू लागली, आणि 1967 च्या कॅमारोलाही पुढे डिस्क घेता येऊ लागली. 1966 मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि हायड्रॉलिक ब्रेकसाठीचे 105 क्रमांकाचे मानक 1 जानेवारी 1968 पासून लागू झाले. एक पाइप फुटला तरी गाडीचे सगळे ब्रेक जाऊ नयेत म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी मास्टर सिलिंडरचे दोन वेगळे कप्पे याच सुमारास सर्वत्र रूढ झाले. माझ्या मते त्या दशकातली सर्वांत मोठी ब्रेकसुधारणा हीच. एक कप्पा असलेल्या जुन्या गाडीत मागच्या डिस्कचा विचार करण्यापूर्वी हे काम व्हायला हवे.

मसल कारला कारखान्यातूनच मागे डिस्क, असे एक उदाहरण या चर्चेत हमखास निघते. 1969 च्या कॅमारोला ‘जेएल8’ या सांकेतिक नावाचा चार चाकांच्या डिस्कचा पर्याय होता. सुटे भाग कॉर्व्हेटच्या धर्तीचे, किंमत सुमारे 500 डॉलर. तो घेतलेल्या गाड्या निघाल्या अवघ्या 206. किंमत जबर होती हे खरे. पण बाकी साऱ्या गाड्या पुढे डिस्क-मागे ड्रम किंवा चारही ड्रम अशाच का विकल्या गेल्या, आणि 1970 च्या दशकात पुढची डिस्क सार्वत्रिक झाल्यावरही मागचे ड्रम का टिकले, हे निव्वळ काटकसरीने उलगडत नाही. त्यासाठी थोडे गणित करावे लागते.

ब्रेक दाबल्यावर वजन कुठे जाते

पहिल्या पिढीच्या कॅमारोच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 108 इंच, म्हणजे सुमारे 274 सेंटिमीटर. अशा गाडीचे वजन 1,550 किलो, गुरुत्वमध्याची उंची 52 सेंटिमीटर आणि उभ्या गाडीचे 45 टक्के वजन मागच्या चाकांवर आहे असे धरू. कोरड्या रस्त्यावर गुरुत्वाच्या 0.8 पट मंदनाने ब्रेक लावला, तर सुमारे 235 किलो भार मागून पुढे सरकतो. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर जवळपास 700 किलो होते, ते 460 वर येते. एकूण वजनाचा हा फक्त 30 टक्के भाग झाला. टायर अधिक चांगले बसवून मंदन गुरुत्वाएवढे नेले, तर मागचा वाटा 26 टक्क्यांवर उतरतो. गाडी जितकी चांगली थांबेल तितके मागच्या चाकांचे काम कमी होते, हे पटायला जरा वेळ लागतो, पण या वादात निर्णायक ठरणारे तत्त्व तेच आहे. मागच्या चाकांना जितका जोर पेलतो तितका साडेनऊ इंचांचा थंड ड्रम सहज देतो. चाक लॉक करण्याइतका जोर त्याच्यात असतोच, आणि चाक लॉक झाल्यावर पुढचे काम टायरचे. म्हणून एकदाच, थंड ब्रेकवर गाडी किती अंतरात थांबते एवढेच विचारले, तर मागच्या डिस्कने त्या अंतरात मोठी घट होण्याचे कारण नाही. ताशी 60 मैलांवरून, म्हणजे सुमारे 97 किलोमीटरवरून, 0.7 पट मंदनाने थांबायला 52 मीटर लागतात आणि 0.9 पटीने 41 मीटर. ही 11 मीटरची बचत टायर देतो. जुन्या तिरप्या धाग्यांचे टायर काढून चांगले रेडियल बसवणे, हा कोणत्याही ब्रेककिटपेक्षा पहिला आणि मोठा फायदा आहे.

डिस्कच्या बाजूने

डिस्कचा पुरस्कार करणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा पहिल्या थांबण्याचा नाही, दहाव्या थांबण्याचा आहे. ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतो, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 मैलांऐवजी 100 मैलांवरून गाडी थांबवायची, तर पावणेतीन पटींहून अधिक उष्णता जिरवावी लागते. ट्रॅकवर किंवा लांबलचक डोंगरउतारावर ड्रमला ही उष्णता बाहेर टाकायला वेळच मिळत नाही. लांब घाट खालच्या गिअरमध्ये उतरवण्याची आपल्याकडच्या चालकांची शिस्त याच कारणाने आली आहे. मागचे ड्रम तापून ढिले पडले की त्यांच्या वाट्याचे कामही पुढच्या ब्रेकवर पडते आणि तेही लवकर तापतात. म्हणजे मागचा वाटा 30 टक्केच असला, तरी तो शेवटपर्यंत टिकण्याला किंमत आहे. दुसरा मुद्दा सातत्याचा. पुढे डिस्क आणि मागे ड्युओ-सर्व्हो ड्रम असले, की थंडीत, पावसात आणि तापल्यावर दोन्हींचे स्वभाव वेगवेगळ्या दिशांनी बदलतात. दोन्हीकडे डिस्क असेल, तर जुळवलेला तोल बराच काळ जागेवर राहतो. तिसरा मुद्दा देखभालीचा आहे. या ड्रमचे स्वयंचलित ॲडजस्टर गाडी मागे घेताना ब्रेक लावल्यावर चालतात, आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत ते अनेकदा गंजून अडकलेले सापडतात. डिस्कचे पॅड उतरवून पाहणे आणि बदलणे सोपे जाते.

ड्रमच्या बाजूने

ड्रम ठेवा म्हणणाऱ्यांना हळवे म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण त्यांच्याकडे शर्यतीचा पुरावा आहे. मस्टँगवर आधारित शेल्बी जीटी350 ला पुढे डिस्क आणि मागे मोठे, रुंद ड्रम होते, त्यांत धातुमिश्रित लायनर. तिच्या शर्यतीच्या आवृत्तीने 1965 ते 1967 अशी सलग तीन वर्षे एससीसीए या अमेरिकी मोटारशर्यत संघटनेच्या बी-प्रॉडक्शन गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मागचे ड्रम मुळातच कुचकामी असते, तर हे घडले नसते. त्यांचे दुसरे उदाहरण आजचे आहे : फोक्सवागनने 2020 च्या आसपास आणलेल्या आयडी.3 आणि आयडी.4 या विद्युत गाड्यांना मागे ड्रम दिले. तिथे मागच्या ब्रेकला काम कमी पडते आणि बंदिस्त ड्रम गंजापासून बचावतो. रविवारी तासभर चालून पुन्हा गॅरेजात झाकून ठेवल्या जाणाऱ्या मसल कारची स्थिती यापासून फार लांब नाही. कमी वापरात डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरचे पिस्टन अडकतात. कॉर्व्हेटचे जुने कॅलिपर याच कारणाने बदनाम झाले आणि पुढे त्यांत स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्ह बसवण्याची प्रथा पडली.

यावर नेहमी एक आक्षेप येतो. आजच्या बहुतेक वेगवान गाड्यांना चारही चाकांना डिस्क असते, मग जुन्या गाडीला ती का नसावी? आक्षेप रास्त आहे, पण तुलना अपुरी आहे. आजच्या गाडीत मागच्या डिस्कमागे संगणक असतो. चाक लॉक होऊ लागले की एबीएस दाब सोडतो, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचे वाटप इलेक्ट्रॉनिक यंत्रणा क्षणाक्षणाला ठरवते. 1969 च्या गाडीत तिथे पितळेचा एक व्हॉल्व्ह असतो, आणि त्यात एकच ठरलेले उत्तर भरलेले असते. मागच्या डिस्कचा सगळा निकाल त्या व्हॉल्व्हपाशी लागतो.

तोल जुळवण्याची कसरत

मागचे चाक पुढच्याआधी लॉक झाले की गाडीचा मागचा भाग बाजूला निसटतो आणि गाडी गरकन फिरते. पुढची चाके आधी लॉक झाली तर स्टिअरिंगला दाद मिळत नाही, पण गाडी सरळ जाते. अपघातात हा फरक जिवावर बेततो, म्हणूनच अमेरिकेच्या 135 क्रमांकाच्या मानकात चाके लॉक होण्याच्या क्रमाची स्वतंत्र चाचणी आहे. कारखान्याने जुन्या गाडीत हा क्रम अनेक भागांच्या मेळातून साधला होता. मागच्या ड्रमना जाणारा दाब ठराविक मर्यादेनंतर हळू वाढू देणारा प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह त्यात होता. ड्रमच्या स्प्रिंगा ताणल्या जाईपर्यंत पुढच्या डिस्कला थोपवून धरणारा मीटरिंग व्हॉल्व्ह होता. शू ड्रमजवळ तयार राहावेत म्हणून पाइपमध्ये सुमारे 10 पीएसआय दाब अडवून ठेवणारा झडपेचा तुकडा मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी होता. मागे डिस्क आली की हा सारा मेळ मोडतो. तो 10 पीएसआयचा दाब तसाच राहिला, तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि मागची चाके न वापरताच तापतात. ड्रमसाठी ठरवलेला व्हॉल्व्ह डिस्कचा दाब नको तिथे कापतो. कॅलिपरचा पिस्टन व्हील सिलिंडरपेक्षा मोठा असल्याने त्याला ब्रेक ऑइल जास्त लागते. मास्टर सिलिंडरचा व्यास त्या मानाने लहान असला तर पेडल खोल जाते, मोठा घेतला तर पाय दुखेस्तोवर दाबावे लागते. बूस्टरला इंजिनातून निर्वात दाब हवा असतो, आणि तेज कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनात नेमका तोच कमी असतो. अशा वेळी काही जण पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर बसवतात. एक साधी चूकही वरचेवर होते : डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसतात. मग हवा काढण्याचा निपल खाली येतो, कितीही पंपिंग केले तरी हवा आतच राहते आणि पेडल स्पंजासारखे लागते.

यावर रूढ उपाय म्हणजे हाताने फिरवून जुळवायचा व्हॉल्व्ह. तो चांगला आहे, पण जुळवायचा कुठे, हे फार थोड्या ठिकाणी स्पष्ट सांगितलेले आढळते. वरचेच गणित पुन्हा घेऊ. ओल्या रस्त्यावर मंदन 0.4 पटीवर थांबते, तेव्हा पुढे सरकणारा भार फक्त 118 किलो असतो आणि मागच्या चाकांवर 37 टक्के वजन उरते. म्हणजे पावसात मागच्या ब्रेकला अधिक वाटा पेलतो. कोणी पावसाळी रस्त्यावर व्हॉल्व्ह फिरवून मागचा ब्रेक उत्तम जुळवला, तर तीच जुळणी कोरड्या रस्त्यावर मागचे चाक आधी लॉक करील. म्हणून जुळणी कोरड्या रस्त्यावर, जास्तीत जास्त पकड असताना आणि गाडीत एकटा चालक असतानाच व्हायला हवी. पुढे पावसात मागची थोडी क्षमता वाया जाईल, ती जाऊ द्यावी. टायर किंवा पुढचे पॅड बदलले की हे काम पुन्हा करावे लागते. डिस्क बसवून व्हॉल्व्ह न जुळवलेली गाडी मूळ ड्रमच्या गाडीपेक्षा धोकादायक असू शकते, हे या क्षेत्रातल्या दोन्ही बाजूंना मान्य असायला हरकत नाही.

ॲक्सल आणि हँडब्रेक

किटच्या जाहिरातीत बोल्टांचा हिशेब सोपा दिसतो. प्रत्यक्षात ॲक्सलचा प्रकार बरेच काही ठरवतो. जनरल मोटर्सच्या 10 आणि 12 बोल्टांच्या अनेक ॲक्सलमध्ये दांडे डिफरन्शियलच्या आतल्या सी आकाराच्या क्लिपांनी धरलेले असतात. दांडा बाहेर काढायचा तर मागचे झाकण उघडून त्या क्लिपा काढाव्या लागतात. या दांड्यांना आत-बाहेर थोडी हालचाल असते. वळणावर दांडा सरकला की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल पहिल्या दाबात खोल जाते. सरकत्या कॅलिपरमध्ये हे फारसे जाणवत नाही, दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या स्थिर कॅलिपरमध्ये जाणवते. फोर्डच्या 9 इंची ॲक्सलमध्ये बेअरिंग दांड्यावर दाबून बसवलेले असते, त्यामुळे ही अडचण नाही. पण तिथे बेअरिंगचे आणि ॲक्सलच्या टोकांचे प्रकार अनेक आहेत, आणि चुकीचा ब्रॅकेट आला तर कॅलिपर डिस्कच्या मध्यावर बसत नाही. 11 इंची डिस्क आणि कॅलिपर मूळच्या 14 इंची चाकात बहुधा मावत नाहीत. मग चाके बदलायची, आणि गाडीचे रूपही बदलायचे.

हँडब्रेक हा या बदलातला सर्वांत दुर्लक्षित भाग. ड्रममध्ये तो फुकट मिळतो : एक केबल, एक तरफ, आणि शू बाहेर सरकतात. डिस्कमध्ये दोन मार्ग आहेत. एक, पिस्टनमागे स्क्रू असलेला कॅलिपर. 1970 च्या दशकातल्या कॅडिलॅकचे असे कॅलिपर एके काळी स्वस्त म्हणून फार वापरले गेले. पण त्यांची स्वयंचलित जुळणी हँडब्रेकच्या तरफेच्या हालचालीवर अवलंबून असते, आणि हँडब्रेक नियमित न ओढणाऱ्या मालकाच्या गाडीत पिस्टन मागेच राहून पेडल खाली जाते. दुसरा मार्ग म्हणजे डिस्कच्या टोपीत लपवलेला छोटा ड्रम, जो फक्त हँडब्रेकसाठी असतो. 1965 च्या कॉर्व्हेटमध्ये तो होता, आणि 1995 ते 2001 च्या फोर्ड एक्सप्लोररच्या मागच्या ॲक्सलवरही तो मिळतो. तो पूर्ण ॲक्सलच काढून जुन्या मस्टँगला बसवणारे आज पुष्कळ आहेत. माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. तो यांत्रिकदृष्ट्या साधा आहे आणि पायाच्या ब्रेकशी त्याची गुंतागुंत होत नाही. काही हलक्या किटमध्ये हँडब्रेकच नसतो. अशी गाडी उतारावर उभी करणारा मालक केवळ स्वतःचाच धोका पत्करत नाही.

अस्सलपणा

सुदैवाने अस्सलपणाचा मुद्दा पूर्वीइतका तापलेला नाही. कारखान्यातून निघाली तशीच गाडी स्पर्धेत मांडायची असेल, तर मागची डिस्क दोष ठरते, याबद्दल दुमत नाही. रस्त्यावर वापरायच्या गाडीत सुधारित भाग बसवणे ही आता मान्य शाखा झाली आहे. बदल वेल्डिंगशिवाय, केवळ बोल्टांनी केला आणि मूळ ड्रम, बॅकिंग प्लेट व पाइप जपून ठेवले, तर पुढच्या मालकाला परतीची वाट राहते.

जिथे उत्तर थांबते

दोन्ही बाजू मांडून झाल्यावर मला काम करण्याचा क्रम बराचसा स्पष्ट वाटतो : टायर, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, पुढची डिस्क, मागच्या ड्रमची चोख दुरुस्ती आणि चांगले लायनर, आणि मग, गाडी ट्रॅकवर किंवा डोंगरात जोरात चालणार असेल तर, मागची डिस्क. यावरही एक आक्षेप आहे : काम करायचेच तर एकदाच का करू नये? पुढच्या आणि मागच्या डिस्कचे भाग एकमेकांना जुळतील असे एकत्र निवडले तर तोल साधणे सोपे जाते, हे खरे आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. अनिर्णित राहते ते मोजमाप. जाहिरातींत आणि चर्चांत थांबण्याचे जे आकडे फिरतात, त्यांत बहुतेकदा टायर, पुढचे ब्रेक आणि मागचे ब्रेक एकाच वेळी बदललेले असतात. मग फरक कशाचा, हे निवडता येत नाही. उपयोगी चाचणी करायची तर गाडी एकच हवी, टायर तेच, पुढचे ब्रेक तेच, आणि मागे एकदा नीट जुळवलेले ड्रम, एकदा डिस्क. पहिल्या थंड थांबण्याचे अंतर वेगळे लिहावे, मध्ये ब्रेक थंड होऊ न देता घेतलेल्या दहाव्याचे वेगळे. प्रत्येक वेळी ड्रमचे किंवा डिस्कचे तापमान, पेडल किती खाली गेले, आणि आधी कोणती चाके लॉक झाली, पुढची की मागची, हेही त्याच कागदावर असावे.